बाटली उलटी करून बघा: कृष्णवर्णीयांच्या ब्रँडकडून खरेदी सुरू करणाऱ्यांसाठी

२०२३ चा जानेवारी. अटलांटात येऊन मला तीनेक वर्षं झाली होती. ऑफिसातली शेजारच्या टेबलावरची कृष्णवर्णीय मैत्रीण दुपारच्या सुट्टीत चार दुकानं पालथी घालून हात हलवत परत आली. तिला हवी होती घट्ट कुरळ्या केसांसाठी केलेल्या, मिएल ऑरगॅनिक्सच्या रोझमेरी-मिंट तेलाची एक बाटली. नेहमीची, दर महिन्याला लागणारी. नाताळच्या सुमारास टिकटॉकवर एका प्रसिद्ध गोऱ्या तरुणीने त्या तेलाचं कौतुक केलं आणि सरळ केसांच्या मुलींनी शेल्फं साफ केली. मी मान खाली घालून डबा खात राहिले, कारण माझ्या बाथरूममध्ये त्याच तेलाच्या तीन बाटल्या होत्या. कृष्णवर्णीय बाईची कंपनी आहे, चार पैसे तिकडे गेले तर बरंच, असं म्हणून मी त्या उचलल्या होत्या. वर आणखी गंमत अशी की त्याच महिन्यात बातमी आली: प्रॉक्टर अँड गॅम्बल ही बडी कंपनी मिएलला विकत घेतेय.

म्हणजे ज्यांच्यासाठी ते तेल केलं त्यांना ते मिळालं नाही, आणि ज्या मालकिणीसाठी मी ते घेतलं ती मालकीच बदलली. हेतू चांगला आणि निकाल शून्य. त्यानंतर मी जे शिकले ते इथे क्रमाने लिहितेय. इथे नव्याने आलेल्या, आणि ‘आपणही कृष्णवर्णीयांच्या छोट्या उद्योगांकडून घ्यावं’ असं वाटणाऱ्या मराठी मंडळींसाठी.

आधी जीभ

इथले कृष्णवर्णीय लोक स्वतःला ब्लॅक म्हणवतात. मराठीत मी कृष्णवर्णीय लिहिते, बोलताना सरळ ‘ब्लॅक’ म्हणते. आपल्या पॉटलकमध्ये ‘कालू’ हा शब्द अजून सर्रास चालतो, आणि समोरच्याला कळत नाही असं आपण समजतो. कळतं. त्यांच्या दुकानातून साबण घेऊन गाडीत बसल्यावर तो शब्द येणार असेल, तर साबण न घेतलेला बरा. एवढं बोलून पुढे जाते.

मालक कोण, ते तपासा

सगळ्यात जास्त चुका इथेच होतात, म्हणून इथे जरा थांबते.

जाहिरातीत कृष्णवर्णीय चेहरा असणं, कृष्णवर्णीय केसांसाठी माल असणं आणि कृष्णवर्णीय मालक असणं, या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. अमेरिकेत अल्पसंख्याकांचा उद्योग म्हणून प्रमाणपत्र मिळवायचं तर किमान ५१ टक्के मालकी लागते आणि कारभारही त्यांच्याच हातात असावा लागतो. तीच फूटपट्टी हाताशी ठेवा.

आता तिने मोजू. केसांच्या आणि त्वचेच्या वस्तू करणाऱ्या शिया मॉइश्चरचे संस्थापक रिचलू डेनिस लायबेरियातून आलेले. त्यांची आजी सिएरा लिओनमध्ये शिया बटर, म्हणजे तिकडच्या एका झाडाच्या बियांचं तूप, विकायची. ब्रँडची सगळी गोष्ट त्या आजीची. पण २०१७ पासून कंपनी युनिलिव्हरची. ‘कॅरल्स डॉटर’ ही कंपनी लिसा प्राइस यांनी १९९३ मध्ये ब्रुकलिनच्या आपल्या स्वयंपाकघरात सुरू केली. २०१४ मध्ये ती लोरियालने घेतली आणि २०२५ मध्ये पुन्हा लोरियालच्या बाहेर पडली. केसांच्या वस्तूंची ब्रायोजिओ २०२२ मध्ये वेल्ला या बड्या कंपनीकडे गेली. रिहानाची फेंटी ब्यूटी फ्रान्सच्या एलव्हीएमएच समूहाबरोबरच्या भागीदारीत उभी आहे. यातलं काहीही वापरायला वाईट नाही. फक्त आपण कोणाला पैसे देतोय ते माहीत असावं.

विकणाऱ्यांना ‘गद्दार’ म्हणायची इथे एक पद्धत आहे. मला ती पटत नाही. वीस वर्षं राबून कुणी कंपनी चांगल्या भावाला विकली तर तो तिचा हक्क आहे. गोऱ्या संस्थापकाने विकली की आपण त्याला यशस्वी म्हणतो. पण हेही खरं की हा खेळ जुना आहे. शिकागोत जॉर्ज जॉन्सन यांनी १९५४ मध्ये काढलेली जॉन्सन प्रॉडक्ट्स, ‘ॲफ्रो शीन’ या केसांच्या मालावाली, १९७१ मध्ये अमेरिकन स्टॉक एक्स्चेंजवर नोंदली गेलेली पहिली कृष्णवर्णीय मालकीची कंपनी ठरली. मग मोठ्या कंपन्यांना या बाजारात पैसा दिसला, त्या उतरल्या, आणि १९९३ मध्ये जॉन्सन प्रॉडक्ट्स विकली गेली. शिकागोचीच सॉफ्ट शीन १९९८ मध्ये लोरियालकडे गेली. मधल्या काळात, १९८१ मध्ये, कृष्णवर्णीय उत्पादकांनी आपली संघटना काढली आणि माल ओळखता यावा म्हणून डब्यावर एका स्त्रीच्या मुखाकृतीचं चिन्ह छापायला सुरुवात केली. ‘प्राउड लेडी’ म्हणायचे तिला. म्हणजे ‘हा माल नक्की कोणाचा?’ हा गिऱ्हाईकाचा गोंधळ चाळीस वर्षांपूर्वीही होताच.

तपासायचं कसं? दुकानात उभ्या उभ्या बाटली उलटी करा. मागे खाली, घटकांच्या यादीनंतर, बारीक अक्षरात ‘डिस्ट्रिब्युटेड बाय’ अशी ओळ असते. तिथे भलत्याच बड्या कंपनीचं नाव किंवा तिच्या मुख्यालयाचा पत्ता दिसला की उत्तर मिळालं. तिथे ब्रँडचंच नाव असेल तर घरी येऊन ब्रँडचं नाव आणि ‘ॲक्वायर्ड’ हा शब्द एकत्र शोधा. विक्री झाली असेल तर बातमी वर येते. ब्रँडच्या संकेतस्थळावर ‘आमची गोष्ट’ असं पान असतंच, पण ते शेवटी वाचा. गोष्ट विकल्यानंतरही तीच राहते, आजीसकट. आणि सेफोरा, अल्टा वगैरे दुकानांच्या संकेतस्थळांवर ‘ब्लॅक ओन्ड’ अशी चाळणी लावता येते. सुरुवातीला सोयीची आहे, पण तिच्यावर डोळे मिटून विसंबू नका.

हे एकदा करून भागत नाही. मी वर्षातून एकदा, दिवाळीच्या साफसफाईत, बाथरूमचा कप्पा काढून बसते तेव्हाच ते उरकते.

आपल्या केसांना, आपल्या रंगाला काय चालतं

उपकार म्हणून घेतलेली वस्तू कपाटात सडते. दुसऱ्यांदा कुणी घेत नाही. म्हणून लागेल तेच घ्या.

इथे केसांची वर्गवारी १ ते ४ आणि पुढे अ, ब, क अशा अक्षरांनी करतात. ओप्रा विन्फ्रीचे केशरचनाकार आंद्रे वॉकर यांची ही पद्धत. १ म्हणजे सरळ, ४ म्हणजे घट्ट, स्प्रिंगसारखे वळलेले. आपल्याकडचे बहुतेक कुरळे केस २ आणि ३ मध्ये बसतात. ४ क साठी केलेलं जाड शिया क्रीम माझ्या नागमोडी, बारीक केसांवर लावलं तेव्हा मी तेलात बुचकळून काढल्यासारखी दिसत होते. त्या क्रीमचा दोष नव्हता. घट्ट वळलेल्या केसात डोक्याचं नैसर्गिक तेल टोकापर्यंत उतरत नाही, म्हणून त्यांना जाड थर हवा असतो. आपल्याला बहुतेकदा नुसतं पातळ ‘लीव्ह-इन’, म्हणजे लावून न धुता तसंच ठेवायचं कंडिशनर, पुरतं.

एक मात्र त्यांच्याकडून जरूर शिका: विंचरण्याची रीत. आपल्या आया कोरड्या केसात कंगवा मुळापासून घालायच्या आणि आपण ओरडायचो. इथे केस ओले करून, कंडिशनर चोपडून, चार-सहा बटा क्लिपने वेगळ्या करतात, आणि रुंद दातांचा कंगवा टोकाकडून सुरू करून हळूहळू वर नेतात. माझी मुलगी आता विंचरताना रडत नाही. हे मला एका सलूनवालीने शिकवलं, कंडिशनर विकता विकता. शनिवारचा अर्धा दिवस त्यात जातो, त्याला ‘वॉश डे’ म्हणतात. आपल्या शिकेकाईच्या रविवारांची आठवण यावी असाच.

त्वचेचं तर आपलं थेट नातं आहे. १९७३ मध्ये यूनिस जॉन्सन यांनी फॅशन फेअर काढलं, कारण त्यांच्या फॅशन शोमधल्या मॉडेल्सना त्यांच्या रंगाचं फाउंडेशनच मिळत नव्हतं. त्या दोनतीन छटा एकत्र कालवून लावायच्या. हे वाचताना मला माझ्या लग्नातला करडा चेहरा आठवला. ब्यूटी पार्लरवाल्या ताईंनी दोन छटा गोरं करून दिलं होतं, फोटोत मान वेगळी आणि चेहरा वेगळा. तो ब्रँड मध्यंतरी बंद पडला होता, २०२१ मध्ये दोन कृष्णवर्णीय उद्योजिकांनी तो पुन्हा बाजारात आणला. छटा निवडताना गालावर नाही, जबड्याच्या कडेला लावा आणि दुकानाबाहेर उजेडात जाऊन बघा. आपल्यापैकी बऱ्याच जणींच्या त्वचेत पिवळसर झाक असते. लालसर झाकेची छटा घेतली की भाजल्यासारखं दिसतं.

सुरुवात एकाच वस्तूने करायची असेल तर माझं मत सनस्क्रीनला. शॉन्टे लंडी यांनी २०१६ मध्ये सुरू केलेलं ब्लॅक गर्ल सनस्क्रीन सावळ्या चेहऱ्यावर पांढरा थर सोडत नाही. नावाला बिचकू नका, वापरायला कुणालाही मनाई नाही. डेट्रॉइटच्या मेलिसा बटलर यांच्या द लिप बारच्या गडद लाल आणि तपकिरी लिपस्टिकही आपल्या ओठांवर छान उठतात.

शिया बटरबद्दल चार ओळी

आठवडी बाजारात, मेळ्यात छोटे विक्रेते घरचं शिया बटर विकतात. घाना, बुर्किना फासो या पट्ट्यातल्या झाडाच्या बियांचं हे तूप. तिथल्या बायका ते हाताने घुसळून काढतात. कच्चं असेल तर रंग पिवळट किंवा हस्तिदंती आणि वास धुरकट, सुक्या मेव्यासारखा. हातावर घेतलं की अंगाच्या उबेनेच विरघळतं. डब्यात रवा आला तर खराब झालं म्हणून फेकू नका आणि विक्रेत्याला एक तारा देऊ नका. वितळून सावकाश गोठलं की तुपासारखंच कणीदार होतं. मंद आचेवर पातळ करून फ्रीजमध्ये झटकन गार केलं की पुन्हा मऊ. मे महिन्यात नागपूरला कुणासोबत पाठवाल तर झाकण टेपने बंद करा, पोचेपर्यंत तेल झालेलं असेल. आणि पाणी घालून केलेल्या घरगुती क्रीममध्ये टिकाऊ घटक नसेल तर बुरशी धरते. ‘अगदी नैसर्गिक, काहीही घातलेलं नाही’ हे ऐकून मी तरी पाणीवाली वस्तू घेत नाही, विकणारं कुणीही असो.

कुठून घ्यायचं

ब्रँडच्या स्वतःच्या संकेतस्थळावरून घेतलं तर मधल्या दुकानाचा वाटा वाचतो, एवढं सगळे सांगतात. पण दुसरी बाजूही समजून घ्या. मोठ्या दुकानात शेल्फ मिळालेल्या छोट्या ब्रँडवर दर आठवड्याच्या खपाची टांगती तलवार असते. माल हलला नाही तर जागा जाते. शेल्फ राखण्यासाठी जाहिरात करायला बड्यांइतका पैसा त्यांच्याकडे नसतो. आमी कोले हा गडद त्वचेसाठीचा सुंदर ब्रँड २०२१ मध्ये आला, सेफोराच्या शेल्फवर पोचला, आणि सप्टेंबर २०२५ मध्ये बंद झाला. मी त्याचं लिप ऑइल ‘पुढच्या वेळी घेऊ’ म्हणत होते.

२०२० मध्ये, जॉर्ज फ्लॉइडच्या हत्येनंतर, चपला-पिशव्यांच्या ब्रदर वेलीज या ब्रँडच्या संस्थापक ऑरोरा जेम्स यांनी दुकानांना आवाहन केलं की शेल्फवरची १५ टक्के जागा कृष्णवर्णीय ब्रँडना द्या. सेफोरा पहिली तयार झाली. त्या उन्हाळ्यात प्रत्येक जण खरेदी करत होता; छोट्या ब्रँडनी मागणी पाहून माल वाढवला, आणि पुढच्या वर्षी गर्दी ओसरली. २०२५ च्या सुरुवातीला टार्गेट या मोठ्या दुकानसाखळीने आपले विविधतेचे कार्यक्रम आवरते घेतले, तेव्हा कृष्णवर्णीय चर्चच्या धर्मगुरूंनी बहिष्काराची हाक दिली. पण तिथेच शेल्फवर असलेल्या कृष्णवर्णीय संस्थापकांची पंचाईत झाली: गिऱ्हाईक दुकानात येईना, फटका यांनाही. त्यातल्या काहींनी सांगितलं, दुकानात जाणार नसाल तर निदान आमच्याकडून थेट घ्या. बहिष्कार पाळायचा की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा. मी पाळला, आणि जी दोन उत्पादनं तिथून घ्यायचे ती थेट मागवली. नुसतंच घेणं बंद करणं सगळ्यात सोपं, आणि त्याचा चटका छोट्याला आधी बसतो.

कृष्णवर्णीय वस्त्यांत ‘ब्यूटी सप्लाय’ नावाची दुकानं दिसतील: विग, वेण्यांचे नकली केस, जेल, टोप्या, भिंतभर. ती त्यांचीच असतील असं धरून चालू नका. यातली बरीच कोरियन-अमेरिकन कुटुंबांची आहेत. साठच्या दशकात दक्षिण कोरियातून विग यायला लागले तेव्हापासून हा धंदा त्यांच्या हातात आला. कृष्णवर्णीय मालकांचीही दुकानं आहेत, पण शोधावी लागतात. काउंटरवर सरळ विचारा, कुणी रागावत नाही. अशाच एका दुकानात भिंतीवर ‘इंडियन रेमी’ लिहिलेले केसांचे झुबके टांगलेले पाहिले आणि मला माझ्या आत्याची आठवण झाली. तिने तिरुपतीला केस वाहिले होते, कमरेपर्यंतचे. तिरुमला देवस्थान त्या केसांचा लिलाव करतं आणि ते जगभर जातात. या व्यवहारात आपण फक्त गिऱ्हाईक आहोत, असं समजायचं कारण नाही.

कपडे आणि पिशव्या

इथे थोडक्यात आटोपते, कारण मला कपड्यांतलं कमी कळतं.

टेलफार क्लेमन्स हे लायबेरियन-अमेरिकन डिझायनर. ब्रँड २००५ पासूनचा आणि अजून त्यांच्याच हातात. त्यांची चौकोनी शॉपिंग बॅग इतकी झटपट संपायची की दलाल ती दामदुपटीने विकायला लागले. मग ऑगस्ट २०२० मध्ये त्यांनी एक दिवस जाहीर केला: चोवीस तासांत हव्या तेवढ्या मागवा, पैसे आधी, बॅग वर्षअखेरीस किंवा पुढच्या जानेवारीत. लोकांनी थांबायचं कबूल केलं. छोट्या ब्रँडबरोबर वागायची रीत यातून कळते. दोन दिवसांत घरपोच ही सवय सोडा, आणि दलालाकडून घेऊ नका; त्यातला पैसा डिझायनरला जात नाही.

‘आफ्रिकन प्रिंट’ दिसलं म्हणजे माल आफ्रिकेचा, असंही नाही. ते भडक मेणछाप कापड मुळात एकोणिसाव्या शतकातल्या डच गिरण्यांनी जावाच्या बाटिकची नक्कल करून काढलं. पश्चिम आफ्रिकेने ते आपलंसं केलं. आज ढिगाने चीनमध्येही छापलं जातं. यंत्रमागावरच्या पैठणीने हात पोळलेल्यांना जास्त सांगायला नको. शिवलं कोणी, विकतं कोण, ते विचारा. अनिफा म्वुएम्बा यांच्या हनिफासारख्या ब्रँडचे कपडे महाग वाटतात, पण थोड्या संख्येने शिवलेल्या कपड्याची तीच किंमत असते. घासाघीस करू नका. तुळशीबागेतला हात इथे आवरा.

घेतल्यावर

परीक्षण लिहा. ‘खूप छान’ नको. तुमचा केसांचा प्रकार, छटेचा क्रमांक, किती दिवस वापरलं, आणि जमलं तर फोटो. एका सावळ्या मनगटावरच्या फोटोने पुढच्या दहा जणींचा निर्णय होतो. तक्रार असेल तर आधी त्यांना ईमेल करा. छोट्या ठिकाणी ते बहुतेकदा मालकीणच वाचते.

आणि साठा करू नका. घट्ट केसांसाठी केलेली वस्तू बाजारात कमी असेल तेव्हा तुमच्या आवडीची बाटली तिथेच राहू द्या. आपल्याला खोबरेल तेल चालतं. तिच्याकडे दुसरा पर्याय कमी असतो. माझ्या तीनपैकी दोन न उघडलेल्या बाटल्या मी दुसऱ्या दिवशी त्या मैत्रिणीच्या टेबलावर ठेवल्या. तिने काही न बोलता पैसे पाठवले. मी परत केले, तिने पुन्हा पाठवले.

जूनमधल्या जूनटीन्थला (गुलामगिरी संपल्याचा दिवस) किंवा फेब्रुवारीतल्या ब्लॅक हिस्टरी मंथला एकदम ढीगभर घेण्यापेक्षा संपेल तसं पुन्हा घेणं विक्रेत्याला उपयोगाचं. मोठी मागणी द्यायची असेल तर आपल्याकडे संक्रांत आहे. मागच्या वर्षी हळदीकुंकवाला वाण म्हणून मी जवळच्याच एका बाईंकडून शियाचे पंचवीस साबण घेतले. त्यांना वाण म्हणजे काय ते सांगताना तिळगूळही द्यावा लागला. तुम्ही घेणार असाल तर नोव्हेंबरअखेरीलाच सांगा. शीतपद्धतीचा, म्हणजे न शिजवता केलेला, साबण कापल्यावर चार ते सहा आठवडे वाळवावा लागतो, आणि मी नाताळानंतर सांगितलं होतं. त्यांनी तयार होते ते अठरा दिले. उरलेल्या सात जणींना रथसप्तमी उलटून गेल्यावर घरी जाऊन वाण पोचवलं.